पंधरा दिवस म्हणजे किती दिवस?

धर्मादाय संस्थांच्या कामात नव्यानं आलेली मुलं मला सगळ्यात आधी ऑडिटबद्दल विचारतात. ऑडिट सीए करतो, तो तुम्हाला कागद मागून मागून हैराण करेल आणि ते होऊन जाईल. तुम्ही आधी हे विचारा की सर्वसाधारण सभेची नोटीस पोस्टात नेमकी कधी पडते. मी तिथे अडकले होते, आणि अजून ते आठवलं की पोटात गोळा येतो.

लालबागमधल्या एका जुन्या संस्थेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला या क्षेत्रात जेमतेम आठ महिने झाले होते. वाचनालय, दोन बालवाड्या आणि दोनशेच्या वर सभासद. वार्षिक सभेतच नवी कार्यकारिणी निवडायची होती. संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, वाक्य होतं, 'सभेपूर्वी पूर्ण १५ दिवस लेखी नोटीस द्यावी.' मी नोटिशीवर १ तारीख घातली, सभा १६ ला ठेवली. सोळातून एक वजा, पंधरा. सचिवांनी सही केली.

आता माझ्याबरोबर बोटांवर मोजा. 'पूर्ण दिवस' म्हटलं की नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. उरले २ ते १५, म्हणजे १४. इथेच एक दिवस कमी पडला. त्यात पत्ते चिकटवता चिकटवता पाकिटं पोस्टात गेली ३ तारखेला. म्हणजे प्रत्यक्षात मिळाले १२ दिवस. प्रत्येक संस्थेच्या घटनेत शब्द वेगळे असतात. कुठे 'पूर्ण दिवस', कुठे नुसतं 'दिवस आधी', कुठे सात, कुठे एकवीस. म्हणून दुसऱ्या संस्थेची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलून फक्त नाव बदलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. घटना उघडा, ते कलम वाचा, कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा करा.

सभा छान झाली. गणपूर्ती झाली, प्रत्येक ठरावाला सूचक-अनुमोदक होते, इतिवृत्त मी त्याच रात्री लिहिलं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, धर्मादाय आयुक्त कार्यालयात द्यावा लागतो. आम्ही तो महिन्याभरातच दिला. मग एका सभासदांनी हरकत घेतली. सुनावणीला त्यांनी एकच वस्तू आणली, त्यांच्या घरी आलेलं पाकीट. त्यावर पोस्टाचा गोल काळा शिक्का आणि शिक्क्यात ३ तारीख. शेजारी आमची १ तारखेची नोटीस ठेवली. आमच्याकडे दाखवायला पोस्टाची एक पावतीसुद्धा नव्हती.

चेंज रिपोर्ट नामंजूर झाला. तोवर परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, जुनेच विश्वस्त होते आणि सहीचे अधिकार असलेल्यांपैकी एक वारले होते. नव्या सह्या घ्यायला बँकेनं परिशिष्ट १ चा उतारा मागितला, तो आम्ही कुठून आणणार? दोन बालवाड्यांतल्या ताईंचे पगार तीन महिने थांबले. त्यातल्या एकीनं मला फोन करून फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, या महिन्यात तरी होईल ना?"

त्याच दिवसांत एका अनुभवी माणसानं सुचवलं, जावक नोंदवही, म्हणजे बाहेर पाठवलेल्या पत्रांची वही, मागच्या तारखेनं लिहून काढू. करू नका. कधीही नाही. चुकलेली नोटीस दुसरी सभा घेऊन दुरुस्त होते, खोटी वही तुम्हाला आयुष्यभर पुरते.

बाकीच्या तारखा भिंतीवर लावून ठेवा, पुरे. हिशेब ३१ मार्चला बंद होतात, ऑडिट सहा महिन्यांत. देणगीदारांना ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत मिळावी म्हणून मिळालेल्या देणग्यांचं विवरणपत्र आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत. परदेशी निधी असेल तर त्याचं वार्षिक विवरणपत्र, एफसी-४, ३१ डिसेंबरपर्यंत. आणि चेंज रिपोर्टचे ९० दिवस उलटून गेले असतील तर झोप उडवून घेऊ नका. विलंबमाफीचा अर्ज असतो, खरं कारण कागदांसह लिहा.

गुरू शोधायचा असेल तर मोठ्या नावाच्या मागे जाऊ नका. वरळीला अ‍ॅनी बेझंट रोडवरच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात फायलींची पिशवी घेऊन वर्षानुवर्षं येणारे संस्थांचे कारकून दिसतील. त्यांच्या शेजारी बसा. मला जावक नोंदवही ठेवायला अशाच एका काकांनी शिकवलं. सभासद क्रमांक, पत्ता, टाकल्याची तारीख आणि समोर चिकटवलेली पावती.

दुसऱ्या सभेची पाकिटं आम्ही सत्तावीस दिवस आधी टाकली. दोन फेऱ्या, कापडी पिशव्या, पोस्टाच्या खिडकीवर दीड तास. सभेच्या दिवशी हरकत घेणारे सभासद सगळ्यांच्या आधी आले. त्यांनी पावत्यांची वही मागितली, चष्मा लावून पान न् पान पाहिलं, स्वतःच्या नावासमोरची पावती बोटानं तपासली, आणि हजेरीपटावर सही केली.