बॅकअपसाठी हार्ड डिस्क निवडताना

घरातील छायाचित्रे व कागदपत्रे यांच्या बॅकअपसाठी हार्ड डिस्क घेताना वेगापेक्षा शांतपणा आणि विश्वासार्हता यांना अधिक महत्त्व द्यावे, कारण हे काम बहुधा रात्री, कोणालाही घाई नसताना चालते. म्हणून मिनिटाला ७२०० ऐवजी ५४०० फेरे घेणारी डिस्क पाहावी. ती सहसा कमी आवाज करते आणि कमी तापते. अडीच इंची डिस्क यूएसबी केबलवरच चालते व फारशी ऐकूही येत नाही. साडेतीन इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, मात्र मोठ्या क्षमतेत ती बहुधा स्वस्त पडते.

क्षमता सध्याच्या माहितीच्या दुप्पट असावी. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसते. ही फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

माहितीचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवून लिहिणाऱ्या ‘एसएमआर’ डिस्क सलग पुनर्लेखनात मंदावतात, त्यामुळे रेडसाठी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या रचनेसाठी, त्या टाळाव्यात; आठवड्यातून एकदा बॅकअप घेणाऱ्याला त्या पुरेशा आहेत.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, माहिती मिळत नाही, हे खरेदीपूर्वीच मनाशी पक्के करावे आणि दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. नवी डिस्क परत करण्याची मुदत संपण्याआधी ती एकदा पूर्ण भरून वाचून पाहावी; त्यानंतर डिस्कची प्रकृती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ची, म्हणजे खराब झाल्याने राखीव जागेत हलवलेल्या भागांची, मूळ संख्या (‘रॉ व्हॅल्यू’) शून्याहून अधिक दिसल्यास, माझ्या मते, ती निःसंकोच परत करावी.