ट्वीड नदीवर सॅमन पकडायला जाताय? आधी तारखा बघा

स्कॉटलंडच्या ट्वीड नदीवर सॅमनचा सीझन १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर, पण रविवारी सॅमनसाठी गळ टाकायचाच नाही, कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे वीकेंडचा प्लॅन करताना शनिवारच धरा. स्कॉटलंडमध्ये इंग्लंडसारखं रॉड लायसन्स (गळाने मासेमारीचा सरकारी परवाना) लागत नाही, पण ज्याच्या मालकीचा नदीचा तो पट्टा आहे त्याची परमिशन पाहिजेच, म्हणजे परमिट आधी बुक करून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ३१ मार्चपर्यंत पकडलेला प्रत्येक सॅमन परत सोडायचा, कारण वसंतात येणारे मासे फार कमी उरलेत. आणि खरं सांगू का, नंतरही सोडाच. सोडताना हात आधी ओले करा, मासा पाण्याबाहेर काढू नका, गळ पाण्यातच काढा, मग तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला करून पोटाखालून हलकेच धरा, घाई नको, शेपटीचा झटका देऊन तो स्वतःच निघून जातो.

१५ सप्टेंबरपासून सीझनच्या शेवटपर्यंत फक्त फ्लाय (पिसं-धागे बांधलेला, किड्यासारखा दिसणारा गळ) चालते, स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारं आमिष) घरीच ठेवा. फेब्रुवारीचे पहिले १४ दिवसही तसंच. आणि हो, गळाने पकडलेला सॅमन विकणं गुन्हा आहे.