वृद्धाश्रम न्यासात विश्वस्त किंवा व्यवस्थापक बदलला : चेंज रिपोर्ट असा भरा

महाराष्ट्रातले बरेच वृद्धाश्रम सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) चालवतात. तिथे कारभारी बदलले की इतिवृत्तात ठराव लिहून भागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार बदल घडल्यापासून ९० दिवसांत तो सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयाला कळवावा लागतो. हे कळवण्याचा अर्ज म्हणजेच चेंज रिपोर्ट.

पहिलं काम, परिशिष्ट १ चा, म्हणजे न्यासांच्या सरकारी नोंदवहीचा, ताजा उतारा काढणं. त्यात विश्वस्तांबरोबर व्यवस्थापकाचीही नोंद असते. कायद्यातला व्यवस्थापक म्हणजे विश्वस्त नसूनही न्यासाच्या मालमत्तेचा कारभार पाहणारी व्यक्ती. नुसतं औषधपाणी आणि स्वयंपाकघर सांभाळणारे अधीक्षक सहसा त्यात येत नाहीत. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल, तर कार्यकारी मंडळच व्यवस्थापक धरलं जातं. उताऱ्यावर जुन्याच मंडळाची नावं दिसली, तर मधला चेंज रिपोर्ट प्रलंबित आहे किंवा दाखलच झालेला नाही. आधी तो शोधा, नाहीतर जाणाऱ्यांची नावं जुळणार नाहीत.

९० दिवसांची मुदत, मृत्यू झाला तर त्या तारखेपासून मोजा, निवडणूक असेल तर सभेच्या तारखेपासून. राजीनाम्यात घोळ होतो: न्यासाच्या घटनेत (नियमावलीत) मंजुरीची अट असेल तर मंजुरीच्या ठरावाची तारीख धरायची, पत्रावरची नव्हे.

अर्ज परिशिष्ट ३ च्या नमुन्यात, कळवणाऱ्या विश्वस्ताच्या सहीने आणि प्रतिज्ञापत्रासह द्या. सोबत घटनेची प्रत, सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, इतिवृत्त, नव्या व्यक्तीचं संमतीपत्र, आणि प्रसंगानुसार मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा जोडा.

फॉर्म चुकला तर दुरुस्त करता येतो. सभाच नियमबाह्य असेल तर मात्र सगळं कोसळतं. नोटिशीची मुदत, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी), सभा बोलावण्याचा अधिकार कुणाला, हे घटनेतून अक्षरशः तपासा. घटनेत पूर्ण १५ दिवसांची नोटीस असेल तर नोटिशीचा आणि सभेचा दिवस मोजू नका. नोटीस हातोहात दिली तर पोच घ्या, टपालाने पाठवली तर पावत्या जपा. नाराज माजी विश्वस्त हरकत घेतो ती बहुधा ‘मला नोटीसच मिळाली नाही’ याच मुद्द्यावर, आणि तेव्हा पावती नसेल तर वकीलही फारसं काही करू शकत नाही.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर विश्वस्त-व्यवस्थापक बदलाला १५ कामकाजी दिवसांत तात्पुरती मान्यता देता येते. मग नोटीस प्रसिद्ध होते. ३० दिवसांत हरकत आली नाही तर आदेश अंतिम होतो. हरकत आली तर मान्यता मागे घेतली जाऊन चौकशी लागू शकते. निर्णय मान्य नसेल तर कलम ७० खाली धर्मादाय आयुक्तांकडे ६० दिवसांत अपील करता येतं.

९० दिवस उलटले असतील तर उशीर माफीचा अर्ज सोबतच द्या. सबळ कारण दाखवावं लागतं आणि खर्चही भरावा लागतो. ‘माहिती नव्हतं’ हे कारण लंगडं पडतं. आजारपण, कागद दुसऱ्याच्या ताब्यात असणं, याला पुरावा जोडता येतो.

दरम्यान पगार आणि औषधांची बिलं थांबू नयेत म्हणून उताऱ्यावर नाव असलेले आणि पदावर कायम असलेले किमान दोन विश्वस्त बँकेत सहीदार ठेवा. आदेश हाती आला तरी परिशिष्ट १ वर नोंद चढल्याची खात्री करून नवा उतारा घ्या. सहीदार बदलताना बँक तोच मागते.