मोहावी रोडला निघण्याआधी रेडिओचं काय करायचं: हॅम, सीबी की तिसरंच काही

मोहावी रोडचं ठरलं की टायर, पाणी, पेट्रोल यांच्या याद्या लगेच होतात आणि रेडिओ आठवतो शेवटच्या आठवड्यात, तेव्हा उशीर झालेला असतो, कारण रेडिओची तयारी दोन महिने आधी सुरू करावी लागते. कॅलिफोर्नियातला हा जवळपास १४० मैलांचा कच्चा रस्ता, वाटेत पेट्रोल पंप नाही, बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही, आणि पुढच्या गाडीची धूळ एवढी उडते की भरपूर अंतर ठेवावंच लागतं, अंतर ठेवलं की गाड्या एकमेकांना दिसत नाहीत.

सगळ्यात आधी कागद घ्या आणि कुठल्या गाडीत कुठला सेट आहे, कुणाकडे लायसन्स आहे ते लिहून काढा. हे मी कळकळीने सांगतोय. एका ट्रिपला आम्ही पाच गाड्या होतो, पुढच्या दोघांकडे हॅम (परीक्षा देऊन वापरायचा हौशी रेडिओ), मागच्या दोघांकडे फक्त सीबी (सिटिझन्स बँड, कुणालाही वापरता येणारा साधा रेडिओ), दोन्ही सेट मधल्या एकाच गाडीत, म्हणजे इकडचा निरोप तिकडे तोच देणार. तो टायरची हवा बघायला खाली उतरला आणि नेमकी तेव्हाच शेवटची गाडी फाट्यावर चुकीच्या बाजूला वळली, ते सीबीवर हाका मारत राहिले आणि आम्हाला चाळीस मिनिटं पत्ताच नाही. त्या गाडीत दोन लहान मुलं होती. सगळे सुखरूप सापडले, पण तेव्हापासून मी हॅम चांगला की सीबी चांगला या वादात पडत नाही, शेवटच्या गाडीत काय आहे ते आधी विचारतो. सगळ्या गाड्यांत एक तरी समान सेट पाहिजेच.

आता सीबी. अमेरिकेत लायसन्स लागत नाही, ४० चॅनल, एएमवर ४ वॅट, दुकानातून आणला की बोलायला सुरुवात. चॅनल ९ इमर्जन्सीसाठी राखलेला, १९ वर ट्रकवाले. अडचण अँटेनाची, २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब, म्हणून चांगली अँटेना म्हणजे साडेआठ फुटांची काठी, ती झाडाला लागते, आणि छोटी लावली की पल्ला कमी होतो. त्यात इंजिनची खरखर, आणि सूर्यावरचे डाग वाढले की शेकडो मैलांवरचे आवाज येऊन तुमच्या मागच्या गाडीचा आवाज बुडतो. डोंगराळ भागात दोन-तीन मैलांचाच हिशोब धरा.

हॅमला परीक्षा आहे, पण घाबरू नका. टेक्निशियनचा, म्हणजे पहिल्या पायरीचा, पेपर ३५ प्रश्नांचा, २६ बरोबर आले की पास, प्रश्न आधीच जाहीर केलेल्या संचातूनच येतात, मोर्स कोड नाही. हा संच दर चार वर्षांनी बदलतो, तेव्हा पुस्तक घेताना त्यावरची वर्षं बघा. रोज अर्धा तास दिला तर महिन्याभरात होतं. परीक्षेआधी एफसीसीच्या (लायसन्स देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या) साइटवर नोंदणीचा नंबर काढून ठेवा, पास झाल्यावर एफसीसीची ३५ डॉलर फी दहा दिवसांत भरा, आणि कॉल साइन, म्हणजे तुम्हाला मिळणारं रेडिओवरचं नाव, त्यांच्या डेटाबेसमध्ये दिसेपर्यंत माइक दाबू नका, ऐकायला हरकत नाही. लायसन्स दहा वर्षांचं. त्यातून मिळतं काय, तर दोन मीटर बँडवर ५० वॅटचा मोबाइल सेट, १९ इंचांची छोटीशी अँटेना, एफएमचा स्वच्छ आवाज, आणि मुख्य म्हणजे डोंगरावरचे रिपीटर, ते तुमचा आवाज कित्येक मैल पुढे पोचवतात. रिपीटरची फ्रिक्वेन्सी, ऑफसेट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक), टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) सेटमध्ये घरीच भरून घ्या, वाळवंटात मॅन्युअल उघडून बसू नका. १४६.५२० ही देशभराची हाक मारायची फ्रिक्वेन्सी तर भराच.

पण परीक्षा प्रत्येकाने द्यायला हवी, आणि पाचही गाड्यांतले लोक देतील हे प्रत्यक्षात होत नाही. तिथे तिसरा पर्याय, जीएमआरएस, म्हणजे जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस. परीक्षा नाही, ३५ डॉलरमध्ये दहा वर्षं आणि एका लायसन्सवर घरचे सगळे बोलू शकतात, काही चॅनलवर ५० वॅटपर्यंत परवानगी. माझं मत स्पष्ट आहे, आपापसात बोलायला सगळ्यांकडे जीएमआरएस, बाहेर हाक मारायला निदान पहिल्या आणि शेवटच्या गाडीत हॅम, आणि सीबी फक्त जुन्या ग्रुपबरोबर जात असाल आणि त्यांच्याकडे तोच असेल तर. खोल घळीतून रिपीटरपर्यंतही आवाज पोचत नाही, त्यामुळे उपग्रहावरून निरोप पाठवणारा एक सॅटेलाइट मेसेंजर हवाच.

बसवताना ५० वॅटच्या सेटची वायर सरळ बॅटरीवरून घ्या, मध्ये फ्यूज, सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून नको, तो फ्यूज उडतो. केबल दारात चेमटत नाही ना बघा. सीबीच्या अँटेनाला गाडीच्या बॉडीचा ग्राउंड नीट मिळायला हवा, आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनातून किती शक्ती सेटकडे परत येते ते दाखवणारा) लावून चॅनल १, १९ आणि ४० वर बघा, दोनच्या खाली पाहिजे, दीडच्या आसपास आला तर उत्तम. ट्यून न करता बोललात तर सेट जळू शकतो.

एका शनिवारी सगळ्यांनी जवळच्या टेकडीवर जाऊन सराव करा. माइक दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द तुटतो आणि "डावीकडे वळू नको" मधलं "डावीकडे" गायब होतं.

भारतातून कुणी असा सेट मागवला तर पाठवू नका, तिथे दोन मीटर बँड १४६ मेगाहर्ट्झलाच संपतो, म्हणजे १४६.५२० बँडच्या बाहेर, आणि वायरलेस सेट आणायला वेगळी परवानगी लागते.

निघायच्या सकाळी प्रत्येक गाडीची हजेरी रेडिओवर घ्या, शेवटच्या गाडीपासून सुरुवात करून. चॅनल, फ्रिक्वेन्सी, माइक कसा दाबायचा, हे जाड पेनाने लिहून काचेखाली चिकटवा, कारण चालवणाऱ्यालाच काही झालं तर शेजारी बसलेल्याला करायला लागेल, आणि जीव धोक्यात असेल, दुसरा मार्ग नसेल, तेव्हा लायसन्स नाही म्हणून त्याने गप्प बसायची गरज नाही. माझ्या बायकोने परीक्षा दिलेली नाही, पण तो कागद तिच्याच अक्षरात आहे.