मुलाचा बीपी, घरचं मशीन आणि फोनवरची फार्मासिस्ट : या चुका टाळा

रविवारी सकाळी साडेआठला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मशीनवर 138/84 आणि खाली एकच ओळ : "मॅडम, गोळी वाढवू का?" मुलगा दहा वर्षांचा. मी व्हिडिओ कॉल लावला. पोरगं घामाघूम, पायात फुटबॉलचे बूट तसेच, सोफ्यावर मांडी घालून आईला मॅचची हकीकत सांगत होतं. बूट काढायला लावले, लघवीला पाठवलं, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं. पुन्हा मोजला, 108/70. गोळी होती तेवढीच राहिली.

मी फार्मासिस्ट. बालरोगतज्ज्ञांनी तपासून औषध ठरवलं की मधल्या काळातला पाठपुरावा माझ्याकडे असतो. मी कोल्हापुरात, आणि चंदगडसारख्या तालुक्यातून इथं यायचं तर अंतर शंभर किलोमीटरच्या वर. दर पंधरा दिवसांनी एवढ्यासाठी एसटीनं यायचं म्हणजे पोराची शाळा बुडते आणि आईची हजेरीही. फोनवर यातलं बरंच काम भागतं. अडचण एवढीच, की फोनवर मला नुसता आकडा दिसतो, तो कसा आला ते दिसत नाही.

"मशीन आहे की घरी, मग तुम्ही कशाला?" असं एका आजोबांनी विचारलं होतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 778 मोठ्या माणसांवर अभ्यास झाला, तो 2008 साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानं बीपी आटोक्यात आलेले लोक नेहमीच्या उपचारांत 31 टक्के होते. घरचं मशीन आणि वेबसाइट दिलेल्यांत 36 टक्के, आणि त्याला फार्मासिस्टचा पाठपुरावा जोडलेल्यांत 56 टक्के. हे आकडे मुलांचे नव्हेत. तरी नुसत्या मशीननं किती थोडा फरक पडला ते बघा.

पट्टा आजोबांचा, दंड नातवाचा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. घरात आजोबांचं मशीन असतंच, तेच पोराला लावतात. त्या पट्ट्यावर बहुधा 22 ते 32 सेंटिमीटर असं छापलेलं असतं. पोराचा दंड 18 सेंटिमीटरचा असेल तर पट्टा सैल पडतो आणि बीपी खऱ्यापेक्षा कमी दिसतो. घरचे खूश, आणि वाढलेला बीपी तसाच दडून राहतो. उलट चौदा वर्षांचा अंगानं भरलेला मुलगा असेल, दंड 35 चा, तर तोच पट्टा त्याला लहान पडतो आणि आकडा उगाच चढतो. मशीन दोन्ही वेळा चांगलंच असतं.

शिंप्याचा टेप घ्या. खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधोमध दंडाचा घेर मोजा आणि मला कळवा. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी रुंदीला घेराच्या निदान 40 टक्के आणि लांबीला 80 ते 100 टक्के असावी लागते. हा हिशेब मी करते, तुम्ही फक्त माप द्या. मुलं वाढतात, म्हणून शाळेचा नवा गणवेश शिवताना दंडही पुन्हा मोजायचा. मनगटावर बांधायचं मशीन मुलांसाठी नकोच.

हात उजवा. क्वचित काही मुलांत महाधमनी जन्मतःच एके ठिकाणी अरुंद असते, तेव्हा डाव्या हाताचा बीपी कमी येऊ शकतो. शिवाय मुलांचे तक्ते उजव्या हाताच्या मोजमापावर बेतलेले आहेत. पट्टा शर्टाच्या बाहीवर बांधू नका.

"120/80 आहे, म्हणजे नॉर्मल"

मोठ्यांचं माप मुलांना लागत नाही. तेरा वर्षांखालच्या मुलाचा बीपी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर ठरतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या चाचपणीसाठी एक सोपा तक्ता आहे. त्यात सहा वर्षांच्या मुलासाठी 105/66 आणि दहा वर्षांच्यासाठी 108/72 असे आकडे आहेत. तेवढा किंवा वर आला की नीट पुन्हा तपासायचं. तेव्हा सहा वर्षांच्या पोराचा 120/80 हा निवांत बसण्यासारखा आकडा नव्हे.

आणि कृपा करून आकडे मनानं भरू नका. वहीत सात दिवस ओळीनं 110/70 दिसलं की मला कळतं. काही दिवस राहिले असतील तर "राहिलं" असं लिहा, मी रागवत नाही. कॉलच्या आधीचे सात दिवस, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटाभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं. मग मशीनच्या मेमरीचे फोटो पाठवायचे.

पाव गोळी आणि एक चमचा

मुलांसाठी बीपीची पातळ औषधं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. मग सुरीनं गोळीचे चार तुकडे होतात, एक मोठा, एक भुगा. अ‍ॅम्लोडिपिन 2.5 मिलिग्रॅमची मिळत असताना 5 ची गोळी कापायची गरज नसते, आधी विचारा. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल किंवा रिटार्ड असतं, ती कधीच कुस्करायची नाही. दिवसभर थोडं थोडं सुटायचं औषध एकदम पोटात जातं. नावापुढे दुसरी काही अक्षरं वाढली असली, तर आत दुसरंही औषध मिसळलेलं असू शकतं. आजोबांच्या पट्टीतली गोळी "एकच की" म्हणून देऊ नका.

दुकानात पातळ करून दिलेलं औषध असेल तर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांची गल्लत होते. बाटली बदलली की ताकद बदललेली असू शकते, आणि घरातले चमचे तर काय, जितकी घरं तितकी मापं. बाटली हलवून सिरिंजनं द्या आणि पहिल्यांदा देताना कॅमेऱ्यासमोर भरून दाखवा.

गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट नाही. आकडा जास्त आला म्हणून जादा नाही, चांगला आला म्हणून बंदही नाही. डोस मीसुद्धा बदलत नाही, मला तो अधिकार नाही. मी डॉक्टरांना कळवते, ते ठरवतात. 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालच्या मुलासोबत ऑनलाइन तपासणीला मोठं माणूस हवंच. तरी चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला स्वतः बोलू द्या. तालमीतल्या मित्रानं दिलेली पावडर, एनर्जी ड्रिंक, हे आईसमोर निघत नाही, म्हणून दोन मिनिटं मी मुद्दाम त्याच्याशी एकट्याशी बोलते.

सर्दीच्या औषधांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, त्यानं बीपी चढतो. अंगदुखीला घेतलेल्या आयबुप्रोफेननंही चढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मेडिकलमध्ये काही घेताना "पोराला बीपीची गोळी चालू आहे" एवढं सांगा.

मीठ

मिसळ बंद करा असं मी कोल्हापुरात राहून सांगणार नाही, कोण ऐकणार? पण तिखट आणि खारट यांत फरक आहे. तिखटानं बीपी वाढत नाही, मिठानं वाढतो. मीठ जास्त असतं ते फरसाण, पापड, लोणचं, भडंग यांत. वरून मीठ घ्यायचं नाही, एवढ्यानंही सुरुवात होते. सैंधव मीठसुद्धा मीठच. "लो सोडियम" मीठ मात्र विचारल्याशिवाय मुळीच नको. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या किंवा एनालाप्रिल ही बीपीची गोळी घेणाऱ्या मुलाला ते धोक्याचं ठरू शकतं.

पावसाळा

जुलैत जुलाब-उलट्या सुरू झाल्या की एनालाप्रिल घेणाऱ्या मुलाच्या घरून त्याच दिवशी फोन हवा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना हे औषध मूत्रपिंडाला इजा करू शकतं, त्यामुळे डॉक्टर ते तात्पुरतं थांबवायला सांगू शकतात. आणि जूनमध्येच पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या घेऊन ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरात हायवे बंद पडला होता, ते विसरलात का?

फोटो पाठवत बसू नका

जोराचं डोकं दुखणं, सारख्या उलट्या, अंधुक दिसणं, झटका, गुंगी, धाप, यातलं काही बीपी वाढलेला असताना दिसलं तर माझ्या उत्तराची वाट बघायची नाही. तेरा वर्षांवरच्या मुलाचा आकडा 180/120 च्या वर गेला तर त्रास नसला तरी नाही. 108 ला फोन करा किंवा सरळ कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा. निघताना गोळ्यांची पट्टी आणि वही पिशवीत टाका. कुठलं औषध, किती आणि शेवटचं कधी दिलं, हे तिथं लगेच विचारतील.