दाखल व्हायच्या आधी गटाला कामं वाटून द्या

अल्सरेटिव्ह कोलायटिस हे मोठ्या आतड्याचं जन्मभर सोबत राहणारं दुखणं. औषधांनी ते कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं शांत राहतं आणि मग एकदम उसळतं. कधीतरी वॉर्डात राहावं लागेल हे धरूनच आपण तयारी ठेवायची. मी फोंड्याची, प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या फोनवरच्या गटात डिचोली, पेडणे, सावंतवाडी, कोल्हापूर आणि पार इंग्लंडातल्या स्विंडनपर्यंतची माणसं आहेत. दुखणं सगळ्यांचं हेच. त्यांतल्या बहुतेकांना मी समोरासमोर पाहिलेलंही नाही. तरी वॉर्डातल्या दिवसांत मला त्यांचा मोठा आधार झाला, कारण कोणी काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं. गटात नव्याने आलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

एक प्रश्न मात्र गटात टाकायचाच नाही: इस्पितळात जाऊ की नको? दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नव्वदच्या वर गेलेली नाडी, एवढं दिसलं की निघायचं. ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ साली मांडलेल्या निकषांतलं हे, आणि डॉक्टर आजही तेच पाहतात. वाळपईच्या आतल्या गावांतून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ गाठायला एरवीच वेळ लागतो, पावसात तर विचारू नका. तेव्हा 'उजाडू दे, मग बघू' नको; १०८ला फोन करा. मधल्या वेळात पोट दुखतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका, त्यांनी आतड्याची सूज भडकू शकते. जुलाब थांबवायची लोपेरामाइडही नको. सूज तीव्र असताना तिच्यामुळे आतडं फुगण्याचा धोका असतो. गटात कोणी प्रेमाने ती सुचवली तरी नाही म्हणायचं. आणि रोजच्या स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका.

कागदांची फाइल दुखणं शांत असतानाच लावा. वर एकच पान ठेवा: दुखणं कधीपासून, शेवटची कोलोनोस्कोपी कधी, कोणती औषधं किती मिलिग्रॅम, कशाची ॲलर्जी, आधी कोणतं औषध लागू पडलं नाही. रात्रपाळीचा डॉक्टर तेवढंच वाचतो. खाली बायोप्सीचे रिपोर्ट, छातीचा एक्स-रे, क्षयाची आणि हिपॅटायटिस बीची तपासणी. या तीन तपासण्या मी मुद्दाम लिहिते आहे. स्टेरॉइडने भागलं नाही तर इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन द्यावं लागतं आणि ते देण्याआधी अंगात लपलेला क्षय नाही ना हे पाहावंच लागतं. जुने रिपोर्ट हाताशी असले तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. फाइलमध्येच आधार कार्ड आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण कार्डाची मुदत चालू हवी आणि आपला उपचार त्यांच्या यादीत हवा. आमच्या सावंतवाडी-दोडामार्गच्या मंडळींनी लक्षात ठेवा: गोव्याबाहेरच्या रुग्णांना बांबोळीत २०१८पासून शुल्क पडतं. आपल्याकडची कोणती योजना तिथे चालते ते घरी बसूनच विचारून घ्या, खिडकीपाशी उभं राहून नव्हे.

आता गट. सगळ्यांनी मिळून 'काळजी घे' म्हटलं तर ऐकायला गोड वाटतं, पण सलाइन लावलेल्या हाताने शंभर जणांना उत्तरं देता येत नाहीत. म्हणून पहिलं काम निरोप्याचं. घरातला एक माणूस निवडा. माझ्या बाबतीत ती माझी जाऊ. रोज संध्याकाळी गटात तीच चार ओळी टाकते: ताप आहे का, किती वेळा जावं लागलं, डॉक्टर काय म्हणाले, उद्या काय. बाकीच्यांनी मला थेट विचारायचं नाही, हा आमचा नियम. दुसरं काम समजावून सांगणाऱ्याचं. आमच्याकडे कोल्हापूरचे काका आहेत, हे दुखणं घेऊनच निवृत्त झाले. रिपोर्टातला सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, म्हणजे नेमकं काय, तो खाली येतो आहे हे चांगलं का, हे ते फोनवर शांतपणे सांगतात. औषध ते कधीच सुचवत नाहीत, म्हणूनच ते काम त्यांच्याकडे आहे. कोणाकडे घरची चौकशी द्या: मुलाचा डबा, म्हाताऱ्या माणसांची औषधं. लांबचा माणूस डबा देऊ शकत नाही, पण 'आज डबा कोण देणार?' असा फोन सकाळी सातला न चुकता करू शकतो, आणि तेवढ्याने घर रुळावर राहतं.

रात्रीचं काम सगळ्यांत मोलाचं. शिरेतून स्टेरॉइड चालू झालं की झोप उडते, मन सैरभैर होतं, भूक भलत्या वेळी लागते, साखर वाढते. हे औषधामुळे होतं, आपण खचलो म्हणून नाही. हे आधी माहीत असलं तर पहाटे दोनची ती घालमेल निम्मी होते. स्विंडनला आमची डिचोलीची एक बाय आहे. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा तिच्याकडे थंडीच्या दिवसांत संध्याकाळचे साडेआठ झालेले असतात, ती कामावरून येऊन जेवलेली असते. रात्र तिची. मी लिहायचं, 'जागी आहे', आणि ती मला आपल्या गल्लीतलं काहीबाही सांगायची, कोणाच्या घरी शिगम्याची रोमटं कशी गेली, आईने हुमण कसं केलं. दुखण्याचा विषय मीच काढला तर निघायचा. कानाला इअरफोन, फोनचा आवाज बंद, शेजारच्या खाटेवरची आजी झोपलेली असते. पॉवर बँक आणि लांब वायरीचा चार्जर विसरू नका, खाटेपाशी प्लग असेलच असं नाही. वॉर्डाचा फोटो काढून गटात टाकायचा नाही. तिथे दुसऱ्यांची दुखणी उघडी पडलेली असतात.

वॉर्डात काय होतं ते थोडक्यात. हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून दिवसातून चार वेळा, बहुधा शंभर मिलिग्रॅम. पोटाचा एक्स-रे, रक्त, जंतुसंसर्ग नाही ना हे पाहायला शौचाची तपासणी, आणि खालच्या आतड्यात दुर्बीण घालून एक नजर. पोटाच्या कातडीत हेपॅरिनचं इंजेक्शन देतात. रक्त जात असताना रक्त पातळ करायचं औषध कशाला, म्हणून नवी माणसं घाबरतात आणि नातेवाईक सिस्टरशी वाद घालतात. या दुखण्याच्या उसळीत शिरेत गुठळी होण्याचा धोका खरोखर वाढतो, म्हणून ते देतात. वाद घालू नका. सलाइनची जागा सुजली, लाल झाली, ठणकू लागली तर मात्र लगेच सिस्टरना सांगा; सोसत बसणं हा गुण नव्हे.

नोंद स्वतः ठेवा. वेळ, रक्त होतं की नाही, रात्री उठावं लागलं का. वहीत चार रकाने पुरतात. या वहीला एवढं महत्त्व का, तर तिसऱ्या दिवशी डॉक्टर हिशोब मांडतात. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड देऊनही दिवसाला आठच्या वर जुलाब असतील, किंवा तीन ते आठ असून सीआरपी पंचेचाळीसच्या वर असेल, तर नुसत्या स्टेरॉइडवर भागण्याची शक्यता कमी असते. मग इन्फ्लिक्सिमॅब, सायक्लोस्पोरिन किंवा शस्त्रक्रिया यांचं बोलणं निघतं. 'चार-पाचदा गेले असेन' या उत्तरावर असा निर्णय टाकू नये.

आणि याच वळणावर गट तारतो किंवा बुडवतो. मोठं आतडं काढणं आणि शौच जमा व्हायला पोटावर पिशवी हे शब्द कानावर पडले की माणूस अर्धा मरतो. त्या रात्री गटात कोणी कुठल्याशा मामाच्या बिघडलेल्या ऑपरेशनची गोष्ट टाकली तर उरलेला अर्धाही. म्हणून आमचा कडक नियम आहे: कोणी दाखल असताना तसल्या गोष्टी नाहीत. त्याऐवजी पिशवी असलेल्या एकाच माणसाशी एकट्याने बोलायचं, आणि तेही गरज पडायच्या आधी. आमच्या पेडण्याच्या दादांना पिशवी आहे. मी त्यांना फोनवर जे विचारलं ते घरात कोणाला विचारलं नसतं: वास येतो का, साडी कुठे नेसायची, नवऱ्याला कसं वाटेल, वर्गात आवाज झाला तर. साडीचं त्यांना सांगता येईना, म्हणून त्यांनी मला मुंबईच्या एका ताईंशी जोडून दिलं. त्या दोघांनी काही लपवलं नाही. सुरुवातीचे महिने जड जातात म्हणाले, कातडी चिघळते म्हणाले. आणि हेही म्हणाले की रस्त्यात संडास शोधत धावणं संपलं, नातीच्या बारशाला पोटभर जेवलो. मला अजून तरी शस्त्रक्रिया लागलेली नाही. पण डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला तेव्हा मी ऐकू शकले, प्रश्न विचारू शकले. सर्जन भेटायला आले म्हणजे उद्याच कापणार असा अर्थ काढू नका. औषध लागू पडेल की नाही हे कळायच्या आतच दोन्ही बाजूंनी तयारी ठेवणं हीच चांगली पद्धत आहे. लांबवत लांबवत, अंगातली शक्ती संपल्यावर झालेली शस्त्रक्रिया जास्त धोक्याची.

जेवणाबद्दल गटात सगळ्यांत जास्त सल्ले येतात, आणि मी सगळ्यांत कमी ऐकते ते तेच. उपाशी राहिल्याने आतडं लवकर बरं होतं असं नाही. डॉक्टरांनी तोंडाने काही घेऊ नका असं सांगितलं नसेल तर खा. मला उकड्या तांदळाची पेज सोसते, वर किंचित मीठ. लोणच्याची फोड त्या दिवसांत नको. शेजारची मावशी 'जेवलें गो बाय?' म्हणत डब्यातली सुंगटं (कोळंबी) पुढे करेल. हात जोडून नको म्हणायचं, तिला वाईट वाटत नाही. बांबोळीच्या फुलांच्या खुरसापाशी (क्रूसापाशी) घरचं कोणी फुलं वाहून येणार असेल तर येऊ दे. बाहेर ताटकळणाऱ्या माणसालाही काहीतरी करायला हवं असतं.

घरी सोडताना कागद हातात घेऊन तिथेच वाचा. स्टेरॉइडची गोळी दर आठवड्याला किती कमी करायची हे तारखांसकट लिहून मागा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहिलं आहे का, पुढची तारीख कोणती, मधेच रक्त दिसलं तर कोणाकडे यायचं, एवढं विचारल्याशिवाय उठू नका. त्या तारखा निरोप्याकडेही द्या. माझी जाऊ दर सोमवारी मला फक्त गोळ्यांचा आकडा पाठवते. पहिले काही आठवडे भेटायला येणाऱ्यांना गटातल्याच कोणीतरी, किंवा घरच्या मोठ्या माणसाने, थोपवावं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना सर्दी-तापाचा पाहुणा परवडत नाही, आणि आपल्याला ते तोंडावर सांगता येत नाही. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ असेल तर औषधं आधीच आणून ठेवा. त्या दिवसांत गावातली फार्मसी उघडी सापडेलच असं नाही, आणि स्टेरॉइडची एकही गोळी चुकवून चालत नाही.