अटकेपासून सुटकेपर्यंत: मुंबईत नोंद शोधताना नाव सोडा, नंबर धरा

फौजदारी वकिलीत नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला सुरुवातीलाच हे काम येतं: "अमक्याला काल रात्री उचललंय, कुठे आहे ते बघ." कलमं पाठ असतात, पण मुंबईसारख्या शहरात त्या माणसाची नोंद नेमकी कुठे सापडेल, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. मला ते शिकायला फार वेळ लागला आणि त्या काळातली घालमेल अजून अंगावर आहे. बाहेर नातेवाईक ताटकळत असतात, दर दहा मिनिटांनी फोन करतात आणि आपल्याकडे सांगायला काहीच नसतं. एफआयआर, रिमांड, जामीन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितोय.

नाव टाकलं की अटक, तुरुंग, सुटका सगळं एका ठिकाणी दिसेल, ही आशा आधी सोडून द्या. अमेरिकेतल्या बऱ्याच काउंट्यांमध्ये कैद्यांची यादी नावाने शोधता येते, म्हणून परदेशी राहणारे नातेवाईक "ऑनलाइन का मिळत नाही?" म्हणून आपल्यावरच चिडतात. आपल्याकडे पोलिसांची नोंद वेगळी, कोर्टाची वेगळी, जेलची वेगळी. तिन्ही आपापल्या नंबरावर चालतात.

सुरुवात पोलीस ठाण्यापासून करा. अटक झालेल्यांची नावं लावण्याची सक्ती आजची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं आणि नियंत्रण कक्षाच्या फलकावर माहिती लावणं बंधनकारक केलं. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात त्यासाठी नेमलेला अधिकारी हवा आणि अटक केलेल्याचं नाव, पत्ता, गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावलेलं हवं. फलक कोरा दिसला तर ठाणे अंमलदाराकडे कलमाचा आकडा सांगून शांतपणे विचारा. आवाज चढवू नका. त्याच ठाण्यात तुम्हाला पुन्हा यायचं आहे.

दुसरी जागा म्हणजे महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरचे प्रकाशित एफआयआर. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या खटल्यात आदेश दिला की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा. अडचण असेल तर मुदत जास्तीत जास्त ७२ तासांपर्यंत वाढते. लैंगिक गुन्हे, पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा), दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं यातून वगळली आहेत, तेव्हा ती तिथे दिसली नाहीत म्हणून घाबरू नका. तारखांची मर्यादा, जिल्हा बृहन्मुंबई आणि पोलीस ठाणं निवडलं की यादी येते. एफआयआरच्या सातव्या रकान्यात आरोपीचा तपशील असतो आणि तिथे पुष्कळदा "अनोळखी इसम" एवढंच लिहिलेलं असतं. अटक नंतर झालेली असते, त्यामुळे तुमच्या माणसाचं नाव त्या कागदावर नसूही शकतं. मिळवायचा आहे तो गुन्हा रजिस्टर क्रमांक, म्हणजे आपल्या बोलीतला सीआर नंबर.

आता त्या गोष्टीकडे येतो जिने मला सर्वांत जास्त दमवलं. नव्याने येणारा प्रत्येक जण इथे अडकतो, म्हणून सावकाश सांगतो: एका प्रकरणाचा नंबर एकच राहत नाही.

समजा, साकीनाका पोलीस ठाण्यात सीआर नंबर ४१२/२०२४ दाखल झाला. हा पहिला नंबर. आरोपीला २४ तासांच्या आत अंधेरी कोर्टात हजर केलं, तिथे रिमांड अर्जाला कोर्टाचा आपला वेगळा नंबर पडला. हा दुसरा. तपास क्राइम ब्रँचकडे गेला की तोच गुन्हा डीसीबी सीआयडीच्या (म्हणजे क्राइम ब्रँचच्याच) नव्या सीआर नंबराने नोंदवला जातो आणि रिमांडही अनेकदा किल्ला कोर्टाकडे (फोर्टमधल्या दंडाधिकारी न्यायालयाकडे) वळतो. हा तिसरा. दोषारोपपत्र दाखल झालं की सीसी नंबर, म्हणजे कोर्टातला खटल्याचा नंबर पडतो, मुंबईत त्यात पीडब्ल्यू अशी अक्षरं असतात. हा चौथा. गुन्हा सत्र न्यायालयाच्या अखत्यारीतला असेल तर प्रकरण तिकडे वर्ग होऊन सेशन्स केस नंबर मिळतो. जामीन अर्जाचा नंबर यांहून निराळा, आणि हायकोर्टात गेलात तर तिथलाही. माणूस एकच, घटना एकच, पण तुम्ही ४१२ धरून बसलात तर तीन महिन्यांनी तुम्हाला काहीच सापडत नाही. नातेवाइकांना वाटतं की केसच गायब झाली.

त्यात ई-कोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर, मुंबई हा एकच जिल्हा म्हणून दिसत नाही. दंडाधिकारी न्यायालयं एका नोंदीखाली, दिवाणी व सत्र न्यायालय दुसऱ्या नोंदीखाली, आणि हायकोर्टाचा शोध पुन्हा वेगळा. दंडाधिकाऱ्यांच्या नोंदीत सत्र न्यायालयातला जामीन अर्ज कितीही शोधा, येणार नाही. नावाने शोधणं तर मला अजिबात पटत नाही. शेख, शेक, शैख, पवार, पोवार, रोमन अक्षरांत कुणी कसं टाइप केलं असेल याचा भरवसा नाही, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. एफआयआर नंबर, वर्ष आणि पोलीस ठाणं टाकून शोधा. एकदा का सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवर प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) हाती लागला की तो आधी लिहून ठेवा, त्या न्यायालयातली पुढची प्रत्येक तारीख त्यावर मिळते. पहिल्या रिमांडचं मात्र ऑनलाइन काही दिसेल याच्या भरवशावर राहू नका. रविवारी किंवा सणाला अटक झाली असेल तर हजर करतात ते सुट्टीच्या कोर्टात, नेहमीच्या नव्हे. अशा वेळी कोर्टात जाऊन रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, वाचणं हाच उपाय. रोजनाम्यातल्या दोन ओळींत "आरोपी हजर, अमुक तारखेपर्यंत पोलीस कोठडी" किंवा "एमसीआर" (न्यायालयीन कोठडी) असं असतं, आणि एमसीआर दिसलं की आपला शोध जेलच्या दिशेने न्यायचा.

इथे माझं ठाम मत सांगतो. हे सगळं मला सीनियरांनी शिकवलं नाही. मोठे वकील युक्तिवाद शिकवतात, आणि ते शिकण्यासारखंच असतं. पण कागद कुठल्या टेबलावरून कुठे जातो हे शिरस्तेदार (कोर्टाच्या कार्यालयातला मुख्य कारकून), पैरवी हवालदार (ठाण्याच्या वतीने कोर्टाचं काम बघणारा पोलीस) आणि सीनियरच्या ऑफिसातला जुना क्लार्क यांना माहीत असतं. त्यांच्याशी आदराने वागा, त्यांच्या वेळेची किंमत ठेवा. आणि कोर्टाबाहेर "पाचशेत सगळी माहिती काढून देतो" म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. पैसे घेऊन रेकॉर्ड तपासून देणाऱ्या खासगी वेबसाइटही मला तितक्याच नकोशा वाटतात. नुसत्या नावाच्या साम्यावरून दुसऱ्याचा गुन्हा निरपराध माणसाच्या माथी मारला जाऊ शकतो, मग त्याची नोकरी जाते.

सुटकेची नोंद शोधताना हाच नंबराचा घोळ पुन्हा समोर येतो, आणि तिथे तो जिवाला लागतो, कारण माणूस आत असतो. जामीन मंजूर होणं म्हणजे सुटणं नव्हे. आदेशानंतर जामीनदाराची कागदपत्रं तपासली जातात किंवा रोख रक्कम भरावी लागते, मग कोर्टातून रिलीज मेमो, म्हणजे सुटकेचा आदेश, निघतो आणि तो जेलमध्ये पोचतो. मुंबईतल्या आर्थर रोड जेलच्या फाटकाबाहेर त्यासाठी पेटी आहे. ठरलेल्या वेळी ती उघडतात, वेळ चुकली की आणखी एक रात्र आत. ऑक्टोबर २०२१ मधलं क्रूझ जहाजावरच्या ड्रग्जचं, आर्यन खानच्या अटकेचं प्रकरण आठवा: हायकोर्टाने २८ तारखेला जामीन दिला, कागद २९ च्या संध्याकाळी साडेपाचच्या आत पेटीत पडला नाही, सुटका झाली ३० ला. नामांकित वकिलांची फौज असताना ही गत. (त्याच तरुणावर पुढे मे २०२२ मध्ये आरोपपत्रच ठेवलं गेलं नाही. अटकेची नोंद म्हणजे दोष नव्हे, हे त्यातून लक्षात ठेवा.)

जेलवाले मेमो वाचतात ते नंबर जुळतात का हे पाहायला. ज्या नंबरावर माणूस आत आला तोच मेमोवर हवा. मेमोवर सीसी नंबर, जेलच्या वॉरंटवर रिमांडचा नंबर, असं झालं की कागद परत. दुसऱ्या गुन्ह्यातही तो माणूस हवा असेल तर एका जामिनाने काहीच होत नाही. म्हणून मेमो निघताना खिडकीतच नाव, वडिलांचं नाव, कलमं आणि सगळे नंबर बोट ठेवून ताडून पाहा.

आणि हो, माणूस नक्की कुठल्या जेलमध्ये आहे तेही विचारा. बायकांना भायखळ्याला ठेवतात. पुरुष आर्थर रोडलाच असतील असं नाही, तळोजा किंवा ठाण्यालाही पाठवतात. ऑनलाइन नाही दिसलं तर जेलच्या मुलाखत खिडकीवर जवळच्या नातेवाइकाने ओळखपत्र घेऊन विचारावं, बहुतेक वेळा उत्तर मिळतं. माहिती अधिकाराचा अर्ज हा माझ्या मते शेवटचा पर्याय, कारण एरवी ३० दिवसांची मुदत असते. पण प्रश्न कुणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर कलम ७ नुसार ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं, तेव्हा अर्जात तसं स्पष्ट लिहा.

जामीन होऊनही माणूस आतच असेल तर खचू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाची तारीख जेलने ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणक प्रणालीत नोंदवायची असते आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. त्यांनी कळवण्याची वाट बघू नका, तुम्हीच कळवा. १५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर नातेवाइकांना आजच लिहून द्या, आणि सोबत त्याच चिठ्ठीवर सीआर नंबर, सीएनआर नंबर व पुढची तारीख.